सोन्याची कुऱ्हाड आणि हिरवा दिवा

१० एप्रिल २०२५ रोजी एफ. स्कॉट फिट्झगेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, पऱ्हाटी ऐन वाढीत असताना, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले होते, निर्यातीवर जगणारा कापड उद्योग अडचणीत होता आणि त्याला स्वस्त रुई हवी होती. पहिली बातमी साहित्याच्या पानावर आली, दुसरी बाजारभावाच्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी मात्र दोन्ही बातम्या शेजारी शेजारी वाचाव्यात अशा आहेत. संपत्तीचे स्वप्न, त्या स्वप्नाची दूर कुठेतरी दिसणारी खूण आणि ती हाताशी आली असे वाटत असतानाच झालेला भ्रमनिरास, ही गॅट्सबीची गोष्ट. वऱ्हाडातल्या कापसाची गेल्या १६० वर्षांची गोष्टही याहून फार वेगळी नाही.

कादंबरी थोडक्यात आठवू. नॉर्थ डकोटातल्या एका फाटक्या शेतकरी कुटुंबातला मुलगा, जेम्स गॅट्झ. लहानपणी एका पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर तो दिवसभराचे वेळापत्रक लिहून ठेवतो: पहाटे उठणे, व्यायाम, अभ्यास, काम, आठवड्याची बचत. पुढे तो नाव बदलून जे गॅट्सबी होतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डेझी नावाच्या श्रीमंत घरातल्या मुलीवर त्याचे प्रेम बसते. ती टॉम ब्यूकॅनन या पिढीजात धनाढ्याशी लग्न करते. दारूबंदीच्या काळात चोरटा धंदा करून गॅट्सबी अफाट पैसा मिळवतो आणि डेझीच्या घरासमोर, खाडीच्या पलीकडे हवेली विकत घेतो. रात्री तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा त्याला दिसतो. पाच वर्षांपूर्वीचा क्षण पुन्हा जसाच्या तसा मिळवता येईल, अशी त्याची ठाम खात्री असते. शेवटी तो गोळीला बळी पडतो. त्याच्या मेजवान्यांना शेकड्यांनी येणारे लोक अंत्यविधीकडे फिरकत नाहीत. पोराचा मोठेपणा उराशी धरून म्हातारा बाप तेवढा गावाकडून येतो.

या कादंबरीत मरणारी माणसे कोण, हे पाहण्यासारखे आहे. गाडीखाली येते ती गॅरेजवाल्या विल्सनची बायको मर्टल. मग गॅट्सबी आणि स्वतः विल्सन. तिघेही खालून वर येऊ पाहणारे. गाडी चालवत होती डेझी. तिच्या अंगावर ओरखडाही उमटत नाही. ती आणि टॉम सामान आवरून शहर सोडतात. पैशाच्या भिंतीआड निघून जाण्याची सोय फक्त त्यांना आहे. विल्सन राहतो ती जागा राखेचे खोरे म्हणून ओळखली जाते; श्रीमंत उपनगरे आणि न्यूयॉर्क यांच्या मधोमध. गाड्या तिथून जातात, थांबतात त्या पेट्रोलपुरत्या.

आता वऱ्हाड. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा प्रांत कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे आला. आठ वर्षांनी, १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना थांबल्या आणि मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव भडकले. मुंबईत पैशाचा पूर आला. कापसाच्या नफ्यातून बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि बॅकबे रेक्लमेशनचे समभाग दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. या साऱ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे सुरतेहून आलेले दलाल होते. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. अमेरिकन कापूस पुन्हा वाहू लागणार हे कळताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईतले वायदे मिटवण्याचा दिवस होता. त्या दिवशी शहरातल्या मोठमोठ्या पेढ्यांची कंबर मोडली. पुढे बँक ऑफ बॉम्बेही गुंडाळावी लागली. मनोऱ्याचे काम मात्र १८७८ मध्ये पुरे झाले. तोवर ज्या संपत्तीची ती खूण होती ती ओसरून गेली होती. प्रेमचंद यांचे नशीब गॅट्सबीहून बरे. ते त्यातून सावरले आणि १९०६ पर्यंत जगले.

मुंबईचे दिवाळे इतिहासात नोंदले गेले, त्यावर पुस्तके निघाली. वऱ्हाडात काय झाले याची नोंद सरकारी अहवालांत विखुरलेली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली ती १८६७ मध्ये, म्हणजे तेजी संपल्यावर. कापसासाठी खास कमिशनर नेमला गेला, हॅरी रिव्हेट-कार्नॅक. खामगाव, अमरावतीच्या बाजारांतून थेट बंदराकडे माल जाईल अशी व्यवस्था बसवण्यात आली. भाव पडला तरी पीक हटले नाही. उलट पसरत गेले. शेतसारा रोखीत भरायचा होता, सावकाराचे देणे रोखीत फेडायचे होते आणि रोख देणारे पीक एकच होते. ज्वारीने भरलेल्या पेवांच्या जागी कापसाने भरलेल्या बंड्या आल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पाऊस तर दगा देऊन गेलाच. पण घरचे धान्य कमी झालेल्या आणि बाजारचे परवडत नसलेल्या माणसांना त्याचा मार जास्त बसला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. कुऱ्हाडीला धार असते, ती कुणाच्या हातात आहे यावर पुढचे ठरते, हे त्या म्हणीतच सांगून ठेवले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने आतल्या कापूसपट्ट्यात अरुंद रूळ टाकले: मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. हीच आपली शकुंतला. कारंजा, दारव्हा, यवतमाळ या मार्गाने ती कापूस गोळा करी, मूर्तिजापूरला तो मोठ्या गाडीत चढे आणि मुंबईमार्गे विलायतेला जाई. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले होते. १९२३ पासून १९९४ पर्यंत ते धावले. गॅट्सबी जन्माला आला त्या दशकात ज्या शहराला वऱ्हाडची रुई हवी होती, त्याच शहराने ती वाहून नेणारे इंजिनही विकले होते. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा मार्ग त्यातून सुटला. गाड्या भारतीय रेल्वे चालवत राहिली आणि रुळांची मालकी खासगी कंपनीकडे राहिली. दारव्हा मोतीबाग स्थानकावर तिकीट काढणारा प्रवासी स्वतंत्र भारतात कित्येक दशके अशा मार्गाने जात होता. गेल्या दशकात दारव्ह्याची गाडी थांबली ती थांबलीच. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद मार्गाचे काम रखडत पुढे सरकते आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. दारव्हा, दिग्रस, पुसद त्याच मार्गावर आहेत. वाट पाहण्याची त्यांना सवय आहे.

१९२० च्या दशकातल्या अमेरिकेची जी झगमग फिट्झगेराल्डने रंगवली, तिच्या सावलीत आणखी एक अमेरिका होती. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवर गुलामी कायद्याने संपली होती, पण कुळे सावकाराच्या वहीत अडकलेली होती; बियाणे उधार, किराणा उधार आणि हिशेब मालकाच्या हाती. मेक्सिकोतून आलेल्या बोंड-सोंड्याने राज्यामागून राज्य फस्त केले. लाखो काळी माणसे कापूस सोडून शिकागो-न्यूयॉर्कच्या दिशेने निघाली. गॅट्सबी डेझीसमोर आपल्या सदऱ्यांचा ढीग टाकतो आणि ती त्यात तोंड खुपसून रडते, हा प्रसंग जगभर शिकवला जातो. तो सदरा ज्यांच्या हातून सुरू होतो ती माणसे मात्र कादंबरीत कुठेच दिसत नाहीत. यवतमाळच्या वाचकाला ती गाळलेली जागा लगेच दिसावी.

न्यूयॉर्कचा आणि आपला एक धागा तर थेट जुगाराच्या अड्ड्यातून जातो. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईला येत, आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले. तेव्हा चिठ्ठ्या काढून आकडा ठरवण्याची रीत आली आणि तिला मटका हे नाव पडले. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द गावोगावच्या पानटपऱ्यांवर पोचले ते या वाटेने. गॅट्सबीचा भागीदार वुल्फशाइम बेसबॉलची अजिंक्यपद मालिका विकत घेणारा जुगारी आहे. २०१३ च्या चित्रपटात ती भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. कापूस पिकवणाऱ्याचा घाम, कापडगिरणीचा नफा आणि जुगाऱ्याचा आकडा हे तिन्ही एकाच भावफलकावर टांगलेले होते. त्यातल्या फक्त पहिल्याला आकडा कळायला उशीर लागे.

ही दोरी तोडण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राने केला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या हंगामापासून, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. खासगी व्यापारी बाहेर. कापूस सरकारच घेणार, हमीभाव देणार, पुढे फायदा झाला तर वरची रक्कमही वाटणार. कल्पना धाडसी होती आणि काही वर्षे तिने कास्तकाराला आधार दिला, हे मान्य करायलाच हवे. मग ग्रेडरची मर्जी, केंद्रांवरच्या बंड्यांच्या रांगा आणि महिनोन्महिने लटकलेले चुकारे सुरू झाले. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रात्रीतून माल सीमेपलीकडे जाई. उतरला की तिकडचा इकडे येई. तोटा साचत गेला. या शतकाच्या आरंभी खासगी खरेदी पुन्हा खुली झाली आणि योजना व्यवहारात संपली. सरकारने दिवा आपल्या हाती घेतला, पण तेलाची सोय केली नाही.

१९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळी वाट दिली, तेव्हा शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने कापूस उत्पादकाच्या वतीने रान उठवले. पुढच्याच वर्षी, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको-मुलांसह जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांचा इतिहास त्या दिवसापासून मोजला जातो आणि दर १९ मार्चला अनेक माणसे त्या स्मरणात अन्नत्याग करतात. वीस वर्षांनी, २००६ च्या जूनअखेरीस, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. यवतमाळ त्या सहांत होता.

मधल्या काळात नवी खूण आली होती. २००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला आरंभी सुमारे १,६०० रुपये पडत. नंतर राज्यांनी किंमत उतरवायला लावली. बोंडअळी काही वर्षे खरोखर हटली, फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले. म्हणून सगळे शिवार बीटीचे झाले. पण फरदड घेऊन पीक लांबवले जाऊ लागले आणि गुलाबी बोंडअळीने या वाणावर मात करायला शिकून घेतले. २०१७ च्या हंगामात तिने बोंडे पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. पाठीवर पंप, तोंडाला उपरणे, आजूबाजूला पुरुषभर उंचीची पऱ्हाटी. राखेचे खोरे पाहायला न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती.

आणि मग २०२१-२२. जगभर कापूस महागला. क्विंटलचा भाव दहा हजारांच्या वर गेला, काही बाजारांत बारा हजारांपर्यंत. ज्यांनी आधीच माल विकला होता ते हळहळले. पुढच्या हंगामात त्यांनी धडा घेतला आणि कापूस घरात भरून ठेवला. खोल्या छतापर्यंत भरल्या, माणसे ओसरीवर झोपली, अंगाला खाज सुटली. दहा हजारांचा भाव परत येणारच अशी आशा होती. भाव सात-आठ हजारांच्या आसपास रेंगाळत खाली आला. गेलेला क्षण पुन्हा आणता येतो, या गॅट्सबीच्या श्रद्धेचे इतके चोख उदाहरण त्याच्या देशातल्या समीक्षकांना सापडले नसते.

यावर शहाणपण शिकवणे सोपे आहे: लोभ धरू नये, भावाच्या मागे धावू नये. गॅट्सबीवरही पुष्कळांनी असाच निकाल दिला आहे. तो अर्धवट आहे. गॅट्सबीचा दिवा दुसऱ्याच्या धक्क्यावर होता. लावणे-विझवणे त्याच्या हाती नव्हते. कापसाचा भाव लिव्हरपूल, न्यूयॉर्क आणि दिल्लीत ठरत आला आहे. सीतादही करून पहिली वेचणी सुरू करणाऱ्या घराला त्या भावात कधी शब्द नव्हता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला अशी अनुदाने देते की ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध खटला जिंकला. तरीही २०१४ मध्ये ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तो वाद मिटवला. धोका ज्याने घ्यायचा त्याच्याकडे भावाची सूत्रे नाहीत आणि सूत्रे ज्यांच्याकडे आहेत त्यांना धोका नाही, ही रचना प्रेमचंद रायचंद यांच्या काळापासून बदललेली नाही. डेझी आणि टॉम यांची निष्काळजी श्रीमंती अशाच रचनेवर चालते.

मराठीत या भ्रमनिरासाचा आपला स्वतःचा ग्रंथ आहे. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकून पदव्या घेतलेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत आणि शेतीत राम नाही. गॅट्सबी नाव बदलून निसटतो, एकनाथला तेवढेही जमत नाही. आजचा एकनाथ दारव्हा-यवतमाळच्या अभ्यासिकेत किंवा पुण्याच्या पेठेत कॉटबेसिसवर बसून राज्यसेवेची तयारी करतो. त्याच्या डोक्याशीही भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेले असते: पहाटे उठणे, व्यायाम, अभ्यास. जागा शेकड्यांत, उमेदवार लाखांत. बापाने कापूस लावला आणि मुलाने परीक्षा लावली. दोघांच्या कष्टाबद्दल कुणाला शंका नाही. दोघांना मिळणारी शाश्वती मात्र सारखीच तुटपुंजी आहे.

म्हणून महत्त्वाकांक्षेला दोष देण्याऐवजी तिच्याभोवतीची व्यवस्था तपासली पाहिजे. काही गोष्टी तर अगदी हिशेबाच्या आहेत. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. त्या गाठीचे सूत, सुताचे कापड आणि कापडाचा सदरा होताना वाढत जाणारी किंमत कापूसपट्ट्याच्या बाहेर वाढते. जिनिंग-प्रेसिंगच्या पुढची साखळी या जिल्ह्यात नावापुरती आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपयांचा हमीभाव जाहीर झाला. पण भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या आत लागतो, नोंदणी मोबाइलच्या ॲपवर करावी लागते, आणि दिवाळीला पैसा लागणारा छोटा कास्तकार तोवर खेडा खरेदीवाल्याला माल देऊन मोकळा झालेला असतो. हमीभाव कागदावर चढतो आणि त्याचा फायदा थांबण्याची ऐपत असलेल्याला होतो.

मग मागणी काय असावी? पेरणी झाल्यावर, पीक उभे असताना, आयात-निर्यातीचे नियम बदलू नयेत. बदलायचेच असतील तर त्या हंगामातल्या घसरणीची भरपाई नियम बदलणाऱ्याने करावी. गिरणीमालकाच्या अडचणीचा विचार ऑगस्टमध्ये पंधरवड्यात होऊ शकतो, तर कास्तकाराच्या अडचणीचाही होऊ शकतो. खरेदी केंद्रे पहिल्या वेचणीला उघडावीत आणि गोदामातल्या मालावर तारण कर्ज लहान शेतकऱ्यालाही सहज मिळावे, म्हणजे भावाची वाट पाहण्यासाठी त्याला झोपायची खोली द्यावी लागणार नाही. दारव्ह्यापर्यंत रुंद रूळ येतील तेव्हा त्यांवरून कच्च्या गाठीच बाहेर जाणार की सूत आणि कापडही, हे आजच ठरवायला हवे. शकुंतलेच्या वेळी ते इथल्या लोकांना कुणी विचारले नव्हते. आणि कापसाशेजारी तूर, ज्वारी यांना उभे राहता येईल इतका आधार त्या पिकांच्याही खरेदीला हवा.

फिट्झगेराल्ड १९४० मध्ये वारला तेव्हा आपली कादंबरी फसली असेच त्याला वाटत होते. पहिल्या दोन आवृत्त्यांच्या प्रतीही पुरत्या खपल्या नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना तिच्या दीड लाखांवर प्रती फुकट वाटल्या गेल्या आणि तिचे दिवस पालटले. पुस्तकाला उशिरा न्याय मिळाला तर चालते, ते थांबू शकते. कास्तकाराला थांबता येत नाही. त्याचे पीक, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलाचे वय यांना मुदत असते. त्यामुळे त्याला स्वप्ने आवरायला सांगण्यापेक्षा, त्याच्या भावाचा निर्णय होताना त्याला बसायला खुर्ची मिळते का, हे विचारणे सरकारच्या आणि समाजाच्या दृष्टीने अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.